रोज 1000 मिलिग्रॅमची क जीवनसत्त्वाची गोळी घ्यावी का?

नमस्कार. घोडबंदर रस्त्यावरील आपल्या जिमच्या प्रशिक्षकाने 'अँटिऑक्सिडंट' म्हणून 1000 मिलिग्रॅमची, पाण्यात फसफसणारी गोळी रोज घ्यायला सांगितली आहे, आणि मधुमेह असलेल्या व पूर्वी मुतखडा होऊन गेलेल्या वडिलांनाही ती सुरू करावी का, असे आपण विचारले आहे. वडिलांच्या बाबतीत माझे उत्तर 'नको' असे आहे आणि आपल्या बाबतीत 'गरज नाही' असे. कारणे थोडी सविस्तर देतो, कारण क जीवनसत्त्वाचे गुण खरे आहेत. जाहिरात मात्र भलत्याच अंगाने होते.

पेशींमध्ये अन्नापासून ऊर्जा तयार होत असताना ऑक्सिजनचे काही अतिक्रियाशील रेणू निर्माण होतात. तंबाखूचा धूर आणि प्रदूषण त्यांत भर घालतात. हे फ्री रॅडिकल समोर येईल त्या मेदाचा, प्रथिनाचा किंवा डीएनएचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी तोडते आणि इलेक्ट्रॉन गमावल्यानंतरही स्वतः फारसे उपद्रवी होत नाही. या गुणालाच 'अँटिऑक्सिडंट' म्हणतात. पेशीच्या पटलात हेच काम ई जीवनसत्त्व करते. तेथे खर्ची पडलेल्या ई जीवनसत्त्वाला क जीवनसत्त्व पुन्हा कार्यक्षम करते, आणि वापरल्या गेलेल्या क जीवनसत्त्वाला पेशीतलेच ग्लुटाथायोन नावाचे संयुग पूर्वस्थितीत आणते.

इलेक्ट्रॉन देणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी मी एक सोपा प्रयोग करून घेत असे. भाताची गाळलेली पेज भरपूर पाणी घालून पातळ करावी आणि तिच्यात बेटाडिनचे, म्हणजे जखमेवर लावायच्या आयोडीनयुक्त औषधाचे, दोन थेंब टाकावेत. स्टार्च आणि आयोडीन यांच्यामुळे पाणी निळे-जांभळे होते. आता ड्रॉपरने लिंबाचा ताजा रस थेंबथेंब घालत ढवळत राहिले, की एका क्षणी रंग पूर्ण नाहीसा होतो, कारण क जीवनसत्त्वाने आयोडीनला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे आयोडाइड केलेले असते. त्यानंतर बेटाडिन पुन्हा घालत गेल्यास रसातील जीवनसत्त्व संपताच निळा रंग परत येतो. बराच वेळ उकळलेला रस घेतला, तर तोच रंग घालवायला जास्त थेंब लागतात. उष्णतेने किती नुकसान होते, ते डोळ्यांना दिसते. (हे मिश्रण अर्थातच ओतून द्यावे.)

वाटीत जेवढा रस जास्त तेवढा परिणाम जास्त, हे खरे. शरीराचा हिशेब मात्र तसा नाही. आतड्यात या जीवनसत्त्वाची ने-आण करणाऱ्या प्रथिनांची क्षमता मर्यादित असते. दिवसाला 30 ते 180 मिलिग्रॅम घेतले, तर त्यातील सुमारे 70 ते 90 टक्के शोषले जाते. एका ग्रॅमच्या पुढे निम्मेही शोषले जात नाही. रोज 200 ते 400 मिलिग्रॅम मिळाले, की रक्तातील पातळी जवळजवळ कमाल मर्यादेला पोहोचते, आणि त्यापुढचे मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम पुरते. शंभर ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या वर क जीवनसत्त्व असते. जांभळी नाक्यावर थंडीत पेरूचे ढीग लागलेले असताना आपण त्याच कामासाठी औषधाच्या दुकानात पैसे मोजतो, याची मला गंमत वाटते. आवळा त्याहूनही सरस आहे.

'अँटिऑक्सिडंट' या बिरुदामुळे क जीवनसत्त्वाची दुसरी कामे झाकली जातात, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहेत. त्वचा, हिरड्या यांना बळकटी देणारे कोलॅजन हे प्रथिन तयार करणाऱ्या एन्झाइममधील लोह कार्यक्षम स्थितीत ठेवण्याचे काम ते करते. म्हणूनच ते मिळेनासे झाले, की हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत आणि स्कर्व्ही होतो. दुसरे काम पोह्यांच्या बशीत चालते. धान्य, डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीराला सहजासहजी घेता येत नाही. लिंबू पिळल्याने ते विरघळणाऱ्या रूपात राहते आणि शोषण वाढते. लिंबू मात्र गॅस बंद केल्यावर पिळावे, आणि चहा लगेच घेऊ नये, कारण चहातील टॅनिन नेमके उलटे काम करते. रक्तातील लोह कमी असलेल्या स्त्रियांना मी गोळीआधी ही सवय सुचवेन.

मोठ्या मात्रेचा गाजावाजा 1970 पासून, नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्यामुळे झाला. त्यानंतरच्या चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसते ते असे, की नियमित गोळी घेणाऱ्या सर्वसामान्य माणसांना सर्दी कमी वेळा होत नाही. झालेली सर्दी मोठ्यांमध्ये सुमारे 8 टक्के लवकर बरी होते, आणि सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेतल्याने खात्रीचा उपयोग होत नाही. मॅरेथॉन धावणारे, कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक अशांमध्ये मात्र सर्दीचे प्रमाण निम्म्यावर आले, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत 14,641 पुरुष डॉक्टरांवर दीर्घकाळ चाललेल्या चाचणीत रोजच्या 500 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वाने हृदयविकार किंवा कर्करोग टळल्याचे दिसले नाही. आपण व्यायाम करता, म्हणून 2009 चा एक लहान अभ्यास आपल्या अधिक जवळचा आहे: व्यायामासोबत रोज 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि जोडीला ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांमध्ये, व्यायामामुळे इन्सुलिनच्या कार्यात होणारी सुधारणा दिसेनाशी झाली. व्यायामात निर्माण होणारे फ्री रॅडिकल शरीराला जुळवून घेण्याचा इशारा देत असतात, आणि तो इशारा दाबणे नेहमीच हिताचे नसते.

आता वडिलांविषयी. जास्तीच्या क जीवनसत्त्वाचा काही भाग ऑक्झलेटमध्ये बदलून लघवीत उतरतो, आणि बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. स्वीडनमधील पुरुषांच्या 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्यांमध्ये मुतखड्याचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. मधुमेहामुळे आणखी एक अडचण येते: दंडावर लावायच्या काही ग्लुकोज सेन्सरमध्ये, रोज 500 मिलिग्रॅमहून अधिक घेतल्यास साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन ठरवणे धोक्याचे आहे. फसफसणाऱ्या गोळीत सोडियमही असते, त्यामुळे रक्तदाब असेल तर तेही नको. पेरू आणि आवळ्यातून मिळणाऱ्या मात्रेने असा प्रश्न सहसा येत नाही. पेरूतील साखर मात्र त्यांच्या दिवसभराच्या आहारात धरावी. गोळी आधीच सुरू केली असेल, तर ती बंद करून पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे, कारण लघवीतील साखर आणि शौचातील अदृश्य रक्त यांच्या चाचण्यांवरही तिचा परिणाम होतो.