घशात गोळा अडकलाय आणि डॉक्टर म्हणतात "ट्रायलमध्ये या"

प्रश्न : वय ४७, शिकवण्याचं काम, दिवसभर बोलावं लागतं. ७-८ महिने झाले घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावं लागतं आणि संध्याकाळपर्यंत आवाज बसतो. दुर्बिणीने तपासलं, गाठ वगैरे नाही म्हणाले. ॲसिडिटीची गोळी तीन महिने घेतली, थोडा फरक पडला आणि मग परत तेच. आता डॉक्टर म्हणतात आमच्याकडे एका औषधाची ट्रायल चालू आहे, नाव द्या. पण त्यात अर्ध्या लोकांना खोटी गोळी मिळणार म्हणे. घरचे म्हणतात तू काय प्रयोगाचा उंदीर आहेस का. काय करू? – एक शिक्षिका

उत्तर : ताई, घरच्यांची काळजी मला कळते, पण आधी तुमच्याच ॲसिडिटीच्या गोळीची गोष्ट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

घशात गोळा, खाकरणं, आवाज बसणं असं कुणी सांगितलं की जगभरचे डॉक्टर पोटातलं ॲसिड वर येत असेल असं धरून ही गोळी देत आले, मीही कित्येक वर्षं दिली आणि पेशंट दोन महिन्यांनी येऊन "बरं वाटतंय" म्हणाले की मला वाटायचं गोळी लागू पडली. मग ब्रिटनमधल्या ८ हॉस्पिटलांनी मिळून नीट तपासून बघायचं ठरवलं. असाच घशाचा त्रास असलेले ३४६ पेशंट घेतले, १७२ जणांना लॅन्सोप्रॅझोल ही ॲसिडिटीची गोळी ३० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि १७४ जणांना दिसायला हुबेहूब तशीच पण औषध नसलेली गोळी, १६ आठवडे. कुणाला काय मिळतंय ते पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. त्रास मोजायला ९ प्रश्नांचा एक तक्ता असतो, प्रत्येकाला ० ते ५ मार्क, म्हणजे जास्तीत जास्त ४५. सुरुवातीला सरासरी २२ होती. १६ आठवड्यांनी खऱ्या गोळीवाल्यांची १७.४ झाली आणि खोट्या गोळीवाल्यांची १५.६. हे २०२१ साली छापून आलं.

म्हणजे बरं दोघांनाही वाटलं, पण त्यात गोळीचा हात नव्हता. आपण डॉक्टरकडे जातो तेच मुळी त्रास शिगेला पोचल्यावर, आणि हा त्रास कमीजास्त होत राहणारा असल्यामुळे त्यानंतर तो बऱ्याचदा आपोआप थोडा उतरतोच, शिवाय कुणीतरी लक्ष देऊन तपासलं, कॅन्सर नाही असं सांगितलं, याने मनावरचा भार हलका होतो तोही घशाला जाणवतो. खोट्या गोळीचा गट नसता तर हे सगळं श्रेय लॅन्सोप्रॅझोलला गेलं असतं. म्हणून "अर्ध्यांना फसवतात" असं कृपा करून समजू नका, त्या अर्ध्यांमुळेच खरं काय ते कळलं. (तुम्हाला छातीत जळजळ होत असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे या गोळ्या चांगलं काम करतात, हे वाचून मनानेच बंद करू नका.)

आता तुमच्या ट्रायलबद्दल. कुठल्या गटात जायचं ते डॉक्टर ठरवत नाहीत, कॉम्प्युटर ठरवतो. सही करायच्या आधी माहितीपत्रक घरी न्या, घरच्यांबरोबर वाचा, आणि परत जाऊन तोंडावर विचारा की ट्रायल चालू असताना मला कुठली औषधं बंद करावी लागतील, त्रास वाढला तर रात्री फोन कुणाला करायचा, एथिक्स कमिटीची (ट्रायलमध्ये पेशंटचं हित जपलं जातंय ना ते बघणाऱ्या समितीची) परवानगी आहे का, काही इजा झाली तर खर्च कोण करणार, आणि शेवटी मला कुठली गोळी मिळाली होती ते सांगणार का. मधूनच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे, कारण न सांगताही, आणि त्यामुळे तुमची नेहमीची ट्रीटमेंट बंद करता येत नाही. या प्रश्नांची उत्तरं कुणी टाळत असेल तर मात्र सही करू नका.

माझं मत विचाराल तर, उत्तरं नीट मिळाली तर जा. आणि जा किंवा नका जाऊ, खाकरणं आजपासून कमी करा. दर वेळी खाकरताना स्वरयंत्राचे पडदे एकमेकांवर आपटतात, त्याने सूज येते, सुजेमुळे अजून काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि परत खाकरावंसं वाटतं. त्याऐवजी पाण्याचा एक घोट घ्या किंवा नुसता आवंढा गिळा. गिळताना अन्न अडकायला लागलं, वजन उतरलं, थुंकीत रक्त दिसलं, मानेत गाठ लागली किंवा आवाज तीन आठवडे सलग बसलेला राहिला तर ट्रायलची वाट न बघता लगेच परत दाखवा.

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा, टॉन्सिल मोठे, रात्री घोरतो आणि मधेच श्वास अडकल्यासारखा होतो. एक डॉक्टर म्हणतात काढून टाका, दुसरे म्हणतात थांबा. – काळजीत असलेले बाबा

उत्तर : दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेत ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर हाच प्रश्न घेऊन ट्रायल झाली, २०१३ साली निकाल आला. निम्म्यांचे टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागे असणारी तशीच गाठ) लवकर काढले, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवून थांबवलं. ७ महिन्यांनी झोपेची तपासणी केली तर ऑपरेशनवाल्यांतली ७९ टक्के मुलं नॉर्मल झाली होती आणि थांबलेल्यांतली ४६ टक्के. लक्ष देण्याच्या, विचार करण्याच्या चाचण्यांत ठळक फरक दिसला नाही, पण वागणं आणि झोप ऑपरेशनवाल्यांची जास्त सुधारली. म्हणून आधी रात्रीच्या झोपेची तपासणी करून घ्या. त्रास सौम्य निघाला तर काही महिने थांबण्यात चूक नाही. मात्र झोपेत ऑक्सिजन फार खाली जात असेल तर हा थांबण्याचा हिशेब तुमच्या मुलाला लावू नका, तशी मुलं त्या ट्रायलमध्ये घेतलीच नव्हती.

प्रश्न : मी २९ वर्षांची, वर्षातून ५-६ वेळा घसा धरतो. या वयात टॉन्सिल काढून उपयोग होतो का?

उत्तर : होतो. ब्रिटनमध्येच १६ वर्षांवरच्या ४५३ जणांवर झालेल्या ट्रायलचा निकाल २०२३ मध्ये आला, दोन वर्षांत घसा दुखल्याचे दिवस ऑपरेशनवाल्यांचे साधारण २३ आणि बाकीच्यांचे ३० भरले. पण ऑपरेशननंतर घसा चांगलाच दुखतो आणि रक्तस्राव हा त्यातला नेहमीचा धोका आहे, तेव्हा तुमचा त्रास नक्की किती आहे ते आधी मोजा. १९७८ साली छापलेल्या एका अभ्यासात वारंवार घसा दुखतो असं सांगितलेल्या, पण ज्याची कुठे नोंद नव्हती अशा ६५ मुलांवर लक्ष ठेवलं, तर सांगितलं होतं तितक्या वेळा घसा दुखलेली फक्त ११ निघाली. कॅलेंडरवर दुखल्याच्या प्रत्येक दिवसाला खूण करा, ताप होता का आणि कामावरून रजा पडली का तेही लिहा, आणि ते कॅलेंडर घेऊनच डॉक्टरांकडे जा.