दीड वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही. हे स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) लक्षण असू शकते का?

असू शकते, मात्र एवढ्यावरून निदान होत नाही, म्हणून आधी श्रवणचाचणी करून घ्यावी. त्याहून बोलके लक्षण मला बोट दाखवण्यात दिसते: या वयाचे मूल विमान दिसले की तिकडे बोट करते आणि लगेच आपल्या चेहऱ्याकडे वळून आपणही ते पाहिले ना, याची खात्री करून घेते. ही देवाणघेवाणच होत नसेल, 16 महिन्यांपर्यंत एकही शब्द आला नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर बालविकासतज्ज्ञांना दाखवावे. ‘मुलगे उशिराच बोलतात’ असे कोणी कितीही म्हटले तरी कृपया थांबू नका. वाचा-उपचार (स्पीच थेरपी) आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे खेळणे, खाणे अशा रोजच्या गोष्टी जमाव्यात यासाठीचे उपचार) अंतिम निदानाची वाट न पाहता सुरू करता येतात. घरी मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसून, ते ज्यात रमले आहे त्याच खेळात सामील व्हावे.