पेक्स-१ ची तपासणी: इलाज नसला तरी करून घ्या

ताई, बाळ सात महिन्यांचं, मान धरत नाही, कानाच्या तपासणीत फेल, कावीळ रेंगाळलेली, रक्तात अतिदीर्घ साखळीची स्निग्धाम्लं (एक प्रकारची चरबी) वाढलेली. डॉक्टरांना झेलवेगर गटाच्या आनुवंशिक आजाराची शंका, म्हणून ते पेक्स-१ जनुकाची तपासणी करा म्हणतात आणि घरचे म्हणतात, इलाजच नाही तर पैसे कशाला घालायचे? तुमचा हा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी डॉक्टर नाही, यवतमाळकडचा शेतकरी आहे. औषधपाण्याचं तुमच्या डॉक्टरांचंच ऐका. पण तपासणीबद्दल माझं मत पक्कं आहे: बाळ तुमच्याजवळ आहे तोवर करा.

आमच्या मुलीलाही हाच आजार होता. तिच्या वेळी एका मोठ्या दवाखान्यात रक्त काढलं, पण ते बाहेरच्या लॅबला गेलंच नाही. फॉर्मवर एक सही राहिली म्हणे. सही करणारे रजेवर, आणि खिडकीवरचा माणूस म्हणाला, "निदान तर झालंच आहे, आता काय करता?" लेकरू गेलं. नंतर मी रक्त किंवा डीएनए ठेवलाय का विचारायला गेलो, तर "आम्ही ठेवत नाही" एवढंच उत्तर. त्याचा राग अजून उतरलेला नाही.

त्याची किंमत पुढच्या गरोदरपणात कळली. जनुकतज्ज्ञांनी पहिलाच प्रश्न केला, पहिल्या बाळाचा रिपोर्ट कुठे आहे? स्निग्धाम्लं वाढली म्हणजे पेरॉक्सिसोमचा, म्हणजे पेशीतल्या चरबी मोडणाऱ्या छोट्या कप्प्याचा, आजार एवढंच कळतं. झेलवेगर गटाचा आजार 13 पेक्स जनुकांपैकी कोणत्याही एकातल्या बिघाडाने होतो. बहुतेकांत पेक्स-१ असतं, पण "बहुतेक" या शब्दावर गर्भाची तपासणी होत नाही, नेमका बिघाड माहीत लागतो. मग आम्हा दोघांचं रक्त गेलं, रिपोर्ट येईस्तोवर वारेचा तुकडा तपासायची वेळ, साधारण 11 ते 13 आठवडे, हातची गेली. पुढे गर्भजल काढावं लागलं. मुलगा बरा आहे, पण ते आठवडे बायकोने कसे काढले ते तिलाच ठाऊक.

हे जनुक करतं काय, तेही सांगतो. पेक्स-५ नावाचं प्रथिन पेरॉक्सिसोममध्ये माल पोचवतं. जिनिंगवर कापसाची गाडी खाली झाली की फाटकाबाहेर निघाली पाहिजे, तरच पुढची आत येते. ती खाली गाडी बाहेर ओढायचं काम पेक्स-१ आणि पेक्स-६ मिळून करतात. ते बंद पडलं की माल आत जात नाही. बिघाड कोणता, यावरही आजाराचा जोर ठरतो. पेक्स-१ मधल्या जी843डी नावाच्या बदलात थोडं काम चालू राहतं, त्यामुळे आजार सहसा सौम्य असतो.

घरच्यांना एक गोष्ट ठासून सांगा, दोष एकट्या बाईचा नसतो. आईबाप दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो, आणि दर गरोदरपणात धोका 25 टक्के. मामाच्या पोरीशी लग्न असेल तर दोघांत तोच बिघाड असण्याची शक्यता वाढते. ग्रहणात बाहेर निघाली, असं माझ्या बायकोला ऐकवणारे होते. तसलं बोलणाऱ्याला घरात बसू देऊ नका.

गर्भाची तपासणी म्हणजे गुन्हा, अशी भीतीही गावात घालतात. गुन्हा लिंग पाहण्याचा आहे. आनुवंशिक आजारासाठी नोंदणीकृत केंद्रात तपासायला 1994 च्या कायद्यानेच मुभा दिली आहे.

इलाज नाही म्हणजे करण्यासारखं काहीच नाही, असंही नाही. यकृतामुळे के जीवनसत्त्व कमी पडलं तर रक्त लवकर थांबत नाही, ते तपासायला सांगा. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीचंही विचारा, ती कमी पडत असेल तर तापात बाळ अचानक खालावू शकतं. श्रवणयंत्र आणि डोळ्यांची तपासणी लांबवू नका. दूध-तूप बंद करा असं कुणी सांगितलं तरी आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही तोडू नका, अंगावरचं दूध तर नाहीच.

रक्त द्याल तेव्हा नमुना कोणत्या दिवशी, कोणत्या लॅबला निघाला ते लिहून घ्या आणि पावतीचा फोटो काढा. उरलेला डीएनए जपून ठेवा, असा अर्ज त्याच दिवशी द्या आणि पोच घ्या. तोंडी "हो" वर उठू नका. तुमच्या दोघांचंही रक्त सोबतच पाठवा.