लिनक्सचा संगणक मधेच थिजतो : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांत तक्रार एकच आहे, मात्र तिघांचे दुखणे वेगवेगळे आहे. आज्ञांचे शब्द येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ते रोमन लिपीतील छोट्या अक्षरांत टाइप करावेत.

प्रश्न : खानापुरात माझे छोटे सेवा केंद्र आहे. जमिनीचे उतारे काढून देणे, कन्नडमधून अर्ज भरून देणे आणि मराठीतून लग्नपत्रिका तयार करणे ही सारी कामे एकाच संगणकावर चालतात. संगणक आठ वर्षांचा असून त्यात आठ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क आणि लिनक्स मिंट आहे. दिवसातून तीन-चार वेळा स्क्रीन थिजते. माउसचा बाण फिरतो, पण क्लिक केलेले काहीच उघडत नाही, आणि डब्यावरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला दिसतो. अर्ध्या मिनिटाने सगळे पूर्ववत होते आणि तोवर केलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात. तोपर्यंत अर्जाच्या संकेतस्थळाची मुदत संपून गिऱ्हाईक ताटकळते. दुरुस्ती करणाऱ्यांनी दोनदा लिनक्स नव्याने टाकून दिले, तरी फरक नाही. उलट पावसाळ्यात त्रास वाढला आहे. विंडोजकडे परत जावे काय?

उत्तर : विंडोजकडे जाऊ नये, आणि तिसऱ्यांदा लिनक्सही टाकू नये. दोनदा नव्याने बसवूनही दोष तसाच राहिला, यावरून तो प्रणालीच्या संचिकांमध्ये नसून बहुधा यंत्राच्या एखाद्या भागात आहे असे मानून पुढे जाण्यास हरकत नाही. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती ‘अर्धे मिनिट’ ही आहे. ती आपण सहज लिहिली असावी, पण माझी नजर तिथेच थांबली.

बाण फिरतो आहे याचा अर्थ लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, आणि स्क्रीन रंगवणारी व्यवस्था जागी आहे. थांबले आहेत ते फक्त डिस्ककडून काहीतरी हवे असलेले प्रोग्रॅम. दिवा सतत पेटलेला असणे याला दुजोरा देते. आता, रॅम अपुरी पडल्यामुळे संगणक अडखळतो तेव्हा त्याला घड्याळ नसते. कधी चार सेकंद, कधी तीन मिनिटे, जसा भार तशी खोळंबून राहण्याची वेळ. मात्र कर्नेल सॅटा डिस्कला, म्हणजे सॅटा केबलने मदरबोर्डला जोडलेल्या डिस्कला, एखादी आज्ञा देते तेव्हा उत्तरासाठी ते, सेटिंग बदललेले नसल्यास, 30 सेकंद वाट पाहते आणि उत्तर न आल्यास डिस्कशी असलेली जोडणी तोडून पुन्हा प्रस्थापित करते. जोडणी झाली की साचलेली कामे धडाधड पुढे सरकतात. प्रत्येक वेळी जवळपास तेवढाच वेळ लागत असेल, तर संशयाची सुई डिस्क, तिची केबल किंवा तिला मिळणारी वीज यांच्याकडेच वळते.

खात्री करून घेण्यासाठी संगणक थिजला की घड्याळातील वेळ वहीत लिहून ठेवावी. तो सावरल्यावर टर्मिनलमध्ये सुडो, मग जागा सोडून ‘जर्नल’ या शब्दाला जोडून सीटीएल, त्यानंतर जागा सोडून आडवी रेघ व के हे अक्षर, अशी आज्ञा द्यावी. कर्नेलने स्वतः लिहून ठेवलेली नोंदवही उघडते. वहीतल्या वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहाव्यात. तेथे ‘एटीए’ व त्यापुढे आकडा, ‘एक्सेप्शन’, ‘फेल्ड कमांड’ आणि ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ असे शब्द ओळीने दिसले, तर निदान झालेच. त्या वेळेला नोंदवहीत काहीच नसेल, तर मात्र हे उत्तर आपल्याला लागू नाही. पुढचा प्रश्न वाचावा.

आता दोष केबलचा की डिस्कचा? मिंटच्या मेनूमध्ये ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्रॅम असतो. त्यात आपली डिस्क निवडून स्मार्ट माहितीचा, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवलेल्या नोंदींचा, तक्ता उघडावा आणि 5, 197 व 199 या क्रमांकांच्या ओळी पाहाव्यात. 5 आणि 197 या ओळी डिस्कच्या पृष्ठभागावरील खराब झालेल्या किंवा वाचता न येणाऱ्या जागांची गणती सांगतात, तर 199 ही ओळ केबलमधून जाताना बिघडलेल्या माहितीची. 199 चा आकडा एकदा वाढला की पुन्हा शून्यावर येत नाही, त्यामुळे जुना मोठा आकडा पाहून घाबरू नये. आज तो लिहून ठेवावा आणि आठवड्याने वाढला आहे का ते पाहावे. वाढला असल्यास संगणक बंद करून, विजेची वायर भिंतीपासून काढून, डिस्कची सॅटा केबल नवी घालावी व ती मदरबोर्डवरील दुसऱ्या खाचेत लावावी. केबल स्वस्त असते. मी तर निदान होण्याआधीच ती बदलून मोकळा होतो. डिस्ककडे जाणारी विजेची जोडणीही काढून पुन्हा घट्ट बसवावी. सह्याद्रीला लागून असलेल्या आपल्या तालुक्यात पावसाळाभर हवेत जी ओल असते तिने धातूच्या टोकांवर थर धरतो आणि जोडणी कच्ची होते, हे पावसाळ्यात त्रास वाढण्याचे एक संभाव्य कारण आहे.

परंतु 5 किंवा 197 वाढत असतील, तर दुरुस्तीचा विचार सोडून आधी पत्रिकांच्या संचिका व गिऱ्हाइकांची कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. डिस्क मरणपंथाला लागली आहे. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपची डिस्क, घातल्यास आठ वर्षांचा हा संगणक आणखी काही वर्षे सहज चालेल.

प्रश्न : निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेबाचे काम पाहतो. संगणकात चार जीबी रॅम आहे. ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब आणि हिशेबाची मोठी तक्त्याची संचिका उघडी असताना संगणक थिजतो आणि कधी दहा-दहा मिनिटे सावरत नाही. पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतानाही अडखळतो.

उत्तर : आपल्याकडे दोन वेगळे आजार एकत्र नांदत आहेत. पहिला रॅमचा. जागा संपली की कर्नेल रॅममधील कमी वापरलेला मजकूर डिस्कवरच्या राखीव जागेत, म्हणजे स्वॅपमध्ये, नेऊन ठेवते. पुढे तोच मजकूर पुन्हा लागतो, मग तो आणायचा आणि त्याच्या जागी दुसरा पाठवायचा. वखारीत जागा नाही म्हणून पोती रस्त्यावर काढायची आणि लगेच तीच पोती मागितली म्हणून आत घ्यायची, असा हा प्रकार. टर्मिनलमध्ये ‘व्हीएमस्टॅट’ आणि जागा सोडून 1 असे टाइप करून ठेवावे; संगणक अडखळताना ‘एसआय’ आणि ‘एसओ’ या दोन्ही स्तंभांत मोठे आकडे सलग दिसले, तर निदान पक्के.

खरा उपाय आणखी चार जीबी रॅम हाच. तोवर ‘झेडरॅम’ वापरावा, ज्यात स्वॅपचा मजकूर डिस्कवर न जाता रॅममध्येच दाबून ठेवला जातो. आणि ‘अर्लीऊम’ नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवावा. उपलब्ध रॅम आणि रिकामा स्वॅप हे दोन्ही दहा टक्क्यांच्या खाली गेले की तो सर्वांत जड प्रोग्रॅमला, बहुधा ब्राउझरच्या एखाद्या टॅबला, बंद होण्यास सांगतो. एक टॅब गेलेला परवडतो, सगळा संगणक दहा मिनिटे गेलेला परवडत नाही. कर्नेलने स्वॅपकडे किती लवकर वळावे हे ठरवणारा ‘स्वॅपीनेस’चा आकडा 60 वरून 10 करा, असा सल्ला आपल्याला कोणीही देईल. त्याने थोडा आराम पडतो, पण दोन्ही प्रोग्रॅम मिळून रॅमहून मोठे असतील तर कोणताही आकडा त्यांना आत बसवू शकत नाही.

दुसरा आजार पेन ड्राइव्हचा. लिहावयाचा मजकूर लिनक्स आधी रॅममध्ये साठवते आणि मग सावकाश उतरवते. मूळ मर्यादेनुसार वापरण्याजोग्या रॅमच्या 20 टक्क्यांपर्यंत तो साचू शकतो. मर्यादा गाठली की डिस्कवर काही लिहू पाहणाऱ्या इतर प्रोग्रॅमनाही संथ पेन ड्राइव्हमागे रांगेत उभे राहावे लागते. ‘सिस’ या शब्दाला जोडून सीटीएल, या नावाच्या कर्नेलच्या सेटिंगमध्ये व्हीएम डॉट डर्टी अंडरस्कोर बाइट्स याचे मूल्य 50000000, म्हणजे पाच कोटी बाइट, असे दिल्यास साठा लहान राहतो. तसेच ‘कॉपी पूर्ण’ असे दिसताच पेन ड्राइव्ह उपटू नये. ‘सुरक्षितपणे काढा’ हा पर्याय वापरावा. हिशेबाच्या माणसाला हे सांगावे लागू नये, पण सांगतो.

प्रश्न : बेळगावात उद्यमबाग भागात माझे डिझाइनचे काम आहे. रायझेन प्रोसेसर, 16 जीबी रॅम, एसएसडी, सारे उत्तम. तरीही दिवसातून काही वेळा एक-दोन सेकंद सगळे गोठते, बाणसुद्धा, आणि आवाज खरखरतो.

उत्तर : बाण आणि आवाज एकदम अडकतात, म्हणून हे डिस्कचे किंवा रॅमच्या तुटवड्याचे लक्षण नव्हे. रायझेनच्या काही मदरबोर्डांवर एफटीपीएम ही सुरक्षाव्यवस्था मदरबोर्डवरील फ्लॅश चिपशी बोलताना सारा संगणक क्षणभर अडवून धरते, हे 2022 मध्ये रायझेन बनवणाऱ्या एएमडीने स्वतः मान्य केले. लिनक्सवर हा त्रास कर्नेल 6.1 च्या सुमारास ठळक झाला, कारण तेव्हा या व्यवस्थेकडून यादृच्छिक आकडे नियमितपणे मागवले जाऊ लागले. 2023 मध्ये कर्नेलच्या विकासकांनी ते मागवणेच बंद केले. तेव्हा प्रथम ‘यूनेम’ व पुढे जागा सोडून आडवी रेघ आणि आर हे अक्षर, अशा आज्ञेने कर्नेल कोणते आहे ते पाहावे व जुने असल्यास अद्ययावत करावे.

त्यानेही भागले नाही तर मदरबोर्डचे नवे बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा मदरबोर्डवरील प्रोग्रॅम, घालावे, पण ते करताना संगणक चांगल्या यूपीएसवर असावा. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. बायोसमध्ये जाऊन एफटीपीएम पूर्ण बंद करण्याचाही पर्याय आहे. मात्र आपल्या डिस्कचे कूटबंधन (एन्क्रिप्शन) त्याच्यावर आधारलेले असेल, तर आधी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी, अन्यथा डिझाइनची सर्व कामे कुलुपात अडकतील.