जुनी लष्करी बोल्ट-ॲक्शन रायफल आज चालवायला सुरक्षित असते का, आणि घेताना काय बघावं?

तुम्ही विचारलंय की रशियन मोसिन-नागान, जर्मन मॉझर आणि ब्रिटिश ली-एनफिल्ड यांपैकी पहिली रायफल म्हणून कुठली घ्यावी, आणि ऐंशी-शंभर वर्षं जुन्या बंदुकीतून आज गोळी झाडणं धोक्याचं तर नाही ना. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यावरच अवलंबून आहे. रायफल तपासून घेतलेली असेल, काडतूस नेमकं तिचंच असेल आणि वापरल्यावर तिची नीट सफाई होत असेल, तर ती आजही निर्धास्तपणे चालवता येते. या रायफली चिखलात, बर्फात आणि वाळूत, घाईत असलेल्या शिपायाच्या हाती चालाव्यात म्हणून बनवल्या होत्या. नुसत्या वयाने त्यांचं पोलाद कमजोर होत नाही. त्यांची वाट लागते ती गंजाने, चुकीच्या साफसफाईने आणि मागाहून कुणीतरी केलेल्या फेरफारांनी.

म्हणून मी आधी देश आणि मॉडेल ठरवत नाही, समोर ठेवलेली एक रायफल तपासतो. कारखाना तोच, वर्ष तेच, तरी एक रायफल शंभर मीटरवर तळहाताएवढ्या जागेत गोळ्या मारते आणि दुसरीची गोळी कागदावर आडवी लागते. दस्त्याची चकाकी बघून यातलं काहीही कळत नाही.

परवान्याचं आधीच सांगून टाकतो. नियम प्रत्येक देशाचे वेगळे आहेत आणि ते केवळ रायफलीला नाही, काडतुसालाही लागू होतात. काही ठिकाणी लष्करी काडतुसांवरच निर्बंध असतात. रायफल बघायला जाण्यापूर्वी दोन्हींची चौकशी करा.

आता तपासणी. बोल्ट (मागचा सरकता दांडा) उघडा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन (काडतुसांचा कप्पा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटानेही पाहा, मग बोल्ट बाहेर काढा. चेंबरच्या तोंडाशी पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरका धरला की नळीत उजेड जातो आणि पुढच्या तोंडातून गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा दिसतात. इथे नवखे लोक बहुतेक वेळा आतल्या चकाकीकडे बघतात. नळी काळपट असेल, किंचित खरखरीत असेल, तरी खाचांच्या कडा ठसठशीत असतील तर ती चांगली मारते. उलट आरशासारखी चमकणारी नळी तोंडाशी झिजलेली असेल तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. गोळी नळी सोडते तो शेवटचा इंचभर भाग सगळ्यात महत्त्वाचा. शिपाई साफ करायची सळई किंवा दोरी याच तोंडातून वर्षानुवर्षं घालत-काढत असत आणि ती एका बाजूला घासून भोक अंडाकृती होई. त्या कॅलिबरची सुटी गोळी, काडतूस नव्हे, तोंडात टेकवून बघा. ती जवळजवळ पूर्ण आत बुडाली तर नळी झिजली आहे.

यावर काही लष्करी कारखान्यांनी एक उपाय केलेला असतो. झिजलेलं तोंड थोडं आतपर्यंत मोठ्या बर्म्याने कोरून टाकायचं, म्हणजे खाचा आत, जिथे त्या शाबूत आहेत तिथे संपतात. दुरुस्त केलेल्या मोसिनमध्ये हे बऱ्याचदा दिसतं. तोंडाशी खाचा दिसत नाहीत म्हणून अशी रायफल लगेच नाकारू नका. काम सरळ झालेलं असेल तर ती उत्तम मारते.

यानंतर हेडस्पेस. बंद बोल्टचा पुढचा भाग आणि काडतुसाचं बूड यांच्यात किती जागा उरते, याचं ते माप. जागा जास्त असेल तर स्फोटाच्या दाबाने केस, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, मागे ताणली जाते, बुडाजवळ फाटते आणि प्रचंड दाबाचा वायू मागे, म्हणजे तुमच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. हे माप डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी 'गो' आणि 'नो-गो' नावाचे गेज मिळतात: पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर नाही. युद्धानंतर हजारो रायफली सुट्या करून पुन्हा जोडल्या गेल्या. त्यामुळे बोल्टवरचा क्रमांक रिसीव्हरवरच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या चौकटीवरच्या) क्रमांकाशी जुळत नसेल, तर गेज लावून बघितल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. क्रमांक जुळत असले तरी मी गेज लावतोच. ली-एनफिल्ड नंबर ४ मध्ये ही अडचण सोडवण्याची सोय मुळातच आहे: बोल्टचं डोकं फिरवून निघतं आणि ते ० ते ३ अशा चढत्या मापांत बनवलं जाई. एक माप मोठं डोकं लावलं की बरेचदा काम भागतं.

काही रायफली भिंतीवरच राहू द्याव्यात. अमेरिकेच्या एम १९०३ स्प्रिंगफिल्डमध्ये स्प्रिंगफिल्ड आर्मरीचे ८,००,००० च्या आतले आणि रॉक आयलंडचे २,८५,५०७ च्या आतले क्रमांक त्यातलेच. त्या काळी भट्टीतल्या पोलादाचं तापमान कामगार रंगावरून ओळखत. काही रिसीव्हर जास्त तापले आणि ठिसूळ झाले. त्यांतले काही फुटले, आणि कुठला चांगला, कुठला वाईट हे बाहेरून ओळखता येत नाही. ली-एनफिल्डवर 'डीपी' असा ठसा असेल तर ती कवायतीसाठी काढलेली रायफल समजा. लष्करानेच ती गोळीबाराला नालायक ठरवलेली आहे.

सगळ्यात जास्त काळजी मला काडतुसाची वाटते, कारण रायफलीच्या नावावरून काडतूस ओळखणं हीच नेहमीची घोडचूक आहे. मॉझर जातीची जर्मन काराबिनर ९८के म्हटलं की ७.९२×५७ (गोळीचा व्यास आणि केसची लांबी, मिलिमीटरमध्ये) हे काडतूस डोळ्यांपुढे येतं. पण नॉर्वेने ताब्यात घेतलेल्या जर्मन रायफलींना .३०-०६ च्या नळ्या बसवल्या आणि इस्रायलने आपल्याकडच्या ९८के ७.६२×५१ नाटोसाठी बदलल्या. दुरून तिन्ही सारख्याच दिसतात. भारतातल्या इशापूर कारखान्याची २ए१ लांबून .३०३ ची ली-एनफिल्ड वाटते, पण ती ७.६२ नाटोची आहे आणि तिचं चौकोनी मॅगझिन बघितलं की लक्षात येतं. ७.९२ मध्येही एक जुना घोळ आहे. जर्मनीच्या १८८८ च्या कमिशन रायफलीची मूळ गोळी .३१८ इंच व्यासाची होती. १९०५ मध्ये जर्मनीने टोकदार .३२३ इंची गोळी आणली. केस मात्र जवळपास तीच राहिली. म्हणजे मोठी गोळी असलेलं काडतूस जुन्या अरुंद नळीच्या चेंबरमध्ये बसू शकतं, आणि दाब कुठल्या कुठे जातो. म्हणून मी ठसे वाचतो, आणि ठशावरही समाधान झालं नाही तर जाणत्या बंदूक कारागिराकडून चेंबरचा साचा काढून आणि नळीचा व्यास मोजून घेतो. तुम्हीही यात कुणाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका.

जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं वापरणार असाल तर एक रसायन कायम लक्षात असू द्या. त्यांच्या प्रायमरमध्ये (बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टिकलीत) पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. ते मिठासारखंच असतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दमट हवेत एका रात्रीत गंज धरवतं. हे तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. त्यामुळे नुसतं तेल फिरवून रायफल कपाटात ठेवणारा माणूस ते मीठ तेलाखाली झाकून ठेवत असतो. घरी आलो की आधी बोल्ट काढून नळीतून गरम पाणी ओततो. गरम अशासाठी की धातू तापतो आणि लवकर कोरडा होतो. बोल्टचा पुढचा भागही धुतो, कारण प्रायमरचा वायू तिथेही पोचतो. मग कापडाच्या चिंध्यांनी कोरडं, नंतर नेहमीचं सॉल्व्हेंट, शेवटी तेल, आणि दुसऱ्या दिवशी एक चिंधी पुन्हा फिरवून खात्री. हे त्याच दिवशी व्हायला हवं, उद्यावर टाकण्याचं हे काम नाही. सोव्हिएत गटातली जुनी ७.६२×५४आर काडतुसं आणि युद्धकाळातली .३०३ याच जातीची धरून चाला. बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो, शंका असेल तर पाणी वापरा. पाण्याने धुऊन कोरड्या केलेल्या नळीचं काही बिघडत नाही.

जुन्या काडतुसाचा आणखी एक स्वभाव: चाप ओढला आणि आवाज आला नाही, तर बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी लक्ष्याकडेच रोखून किमान तीस सेकंद थांबायचं. प्रायमर उशिरा पेट घेऊ शकतो, आणि त्या क्षणी बोल्ट उघडा असेल तर केस हवेतच फुटेल.

साठ्यातून आलेली रायफल बहुधा कॉस्मोलिन नावाच्या घट्ट ग्रीसने माखलेली असते. बाहेरचं पुसणं सोपं. पण बोल्ट पूर्ण सुटा करून फायरिंग पिनच्या पोकळीतलं ग्रीस काढलंच पाहिजे, नाहीतर पिन मंद चालते किंवा पुढे अडकून राहते. मोसिनचा बोल्ट गोळी झाडल्यावर उघडतच नाही, हातोडीच लागते, अशी तक्रार तुम्ही ऐकली असेल. अनेकदा त्यामागे चेंबरमध्ये थर धरून कडक झालेलं ग्रीस किंवा लोखंडी केसवरची लाख असते. चेंबर नीट घासून साफ केलं की तोच बोल्ट हाताच्या तळव्याने उघडतो.

लाकडाबद्दल मी हट्टी आहे. सँडपेपर लावू नका. तुम्हाला जे डाग वाटतात त्यांत कारखान्याचे आणि दुरुस्ती केंद्रांचे ठसे असतात. एकदा घासले की गेले, परत येत नाहीत. फिनलंडने वापरलेल्या मोसिनवर चौकटीतलं 'एसए' दिसतं. स्वीडिश एम/९६ च्या दस्त्यावर पितळी चकती असते आणि तीवर नळीचं माप व अवस्था नोंदलेली असते. स्विस के३१ च्या दस्त्याची लोखंडी पट्टी उघडली तर खाली कधी कधी ज्या सैनिकाला ती दिली होती त्याच्या नावाची चिठ्ठी मिळते. जपानच्या अनेक अरिसाकांवरचं सम्राटाचं शेवंतीचं फूल शरणागतीच्या वेळी घासून काढलेलं आहे. ते घासलेपणसुद्धा इतिहासच आहे, तिथे नवं फूल कोरून घेऊ नये. लाकूड कोरडं पडलं असेल तर कच्चं जवसाचं तेल हाताने चोळा, तेवढं पुरे. कुणी आधीच दस्ता कापून शिकारीची करून टाकलेली रायफल मिळाली तर ती आनंदाने घ्या आणि मनसोक्त चालवा. पण शाबूत रायफल कापू नका.

रेंजवर पहिल्यांदा गेलात की गोळ्या लक्ष्याच्या वर लागतील, तेव्हा रायफलीला दोष देऊ नका. जुन्या लांब मॉझरची, म्हणजे गेवेर ९८ ची, मागची साइट ४०० मीटरच्या खाली येतच नाही, स्वीडिश एम/९६ ची ३०० मीटरपासून सुरू होते. शंभर मीटरवर खाली नेम धरावा लागतो किंवा उंच माशी (पुढची साइट) बसवावी लागते. मोसिन ९१/३० चा नेम संगीन लावून जुळवलेला असे, त्यामुळे संगीन काढली की गोळीची जागा सरकते. सुरुवात पन्नास मीटरवर, मोठ्या कागदावर करा. या रायफलींच्या मागे धातूची पट्टी असते आणि धक्का सरळ खांद्याच्या हाडाला बसतो, म्हणून दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट ओढून घ्या. मोसिनच्या आखूड कार्बाइन तर आवाजाने आणि जाळानेच माणसाला चाप झटकायला शिकवतात, आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. कानाला संरक्षण आणि डोळ्यांना चष्मा पहिल्या गोळीपासून हवाच.

आता तुमच्या तीन नावांकडे. मॉझर ९८ ची रचना तिघांत सर्वांत भक्कम: पुढे दोन लग (बोल्ट जागी अडकवणारे दात), मागे तिसरा राखीव लग, केस फाटलीच तर वायू बाजूला सोडणारी छिद्रं, आणि काडतूस मॅगझिनमधून निघाल्यापासून एक्सट्रॅक्टरच्या (केस ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) पकडीत. यंत्र समजून घेण्यात रस असेल तर हीच घ्या. मोसिन ओबडधोबड पण चिवट. तिच्या बोल्टची मूठ आखूड आणि सेफ्टी इतकी कडक की बोटं दुखतात. ली-एनफिल्डचे लग मागच्या बाजूला आहेत आणि बोल्टला फक्त साठ अंश फिरवावं लागतं. दहा काडतुसांचं मॅगझिन आहे आणि खांद्यावरून न काढता ती झरझर चालते. तिची चेंबर मात्र ऐसपैस कापलेली असते, म्हणून काडतुसं पुन्हा भरणार असाल तर केसची फक्त मान आवळा, अख्खी केस नको, नाहीतर ती थोड्याच फेऱ्यांत बुडाशी तुटते. आणि काडतुसं मॅगझिनमध्ये घालताना वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढेच आली पाहिजे. मागे राहिली तर दोन्ही अडकतात.

तिघांतली एकच पहिली म्हणून निवडायची तर मी चांगल्या नळीची नंबर ४ निवडेन, कारण तिची छिद्राची मागची साइट नवख्याला नेम पटकन शिकवते आणि हेडस्पेस सुधारणं तिच्यात सर्वांत सोपं आहे. पण तुमच्या यादीबाहेरची स्वीडिश एम/९६ कुठे दिसली, तर आधी तिची नळी बघा. ६.५×५५ चा धक्का या सगळ्यांपेक्षा मऊ आहे आणि ते काडतूस शिकारीसाठी आजही बनतं, म्हणजे जुन्या साठ्यावर अवलंबून राहावं लागत नाही.