मालकाचा पैसा अडवायचा तर कुठून?

या वेळी तीन पत्रं घेतली. तिन्ही नागपूरचीच आणि तिन्ही एकाच रागातून आलेली, टीम आपली वाटते पण मालक नको झालाय, तर आपला पैसा बंद करून काही होतं का.

प्रश्न: दादा, आम्ही पंधरा-सोळा पोट्टे मँचेस्टर युनायटेडचे जुने फॅन आहोत. रविवारी रात्री मॅच असली की प्रतापनगरला एका मित्राच्या गच्चीवर प्रोजेक्टर लावतो, सावजीचं पार्सल येते, सगळे जमतात. मालकांनी क्लबचं जे करून ठेवलं त्याच्यावर आम्ही भडकून आहोत. आता ठरवून राहिलो की यापुढे जर्सी नाही, ॲपचं सबस्क्रिप्शन नाही, काहीच नाही. पण ग्रुपमधला एक जण म्हणते, नागपुरात बसून तुम्ही पैसे नाही दिले तर तिथं कोणाले कळणार आहे बे? खरंच काही फरक पडते का?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर: भाऊ, तुमच्या मित्राचा प्रश्न एकदम रास्त आहे आणि त्याला रागावू नका, कारण बहिष्काराच्या गोष्टीत सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारायला पाहिजे की माझा पैसा मालकापर्यंत पोचतो तरी कुठल्या रस्त्यानं. बहुतेक बहिष्कार इथंच फसतात, लोक जिथं राग येतो तिथं पैसा बंद करतात आणि मालकाचं उत्पन्न भलत्याच बाजूनं येत असतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडचा फुटबॉल क्लब, 2005 मध्ये अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं तो साधारण 79 कोटी पौंडांना घेतला, त्यातला मोठा भाग कर्जाचा आणि ते कर्ज टाकलं क्लबच्याच डोक्यावर, ज्या क्लबवर तोपर्यंत कर्ज नव्हतं. म्हणजे असं समजा की कोणी आपल्या महाल भागातला एखादा जुना वाडा कर्ज काढून विकत घेतला आणि बँकेचे हप्ते वाड्यातल्या भाडेकरूंच्या भाड्यातून फेडायला लागला, वर छताचं गळणं तसंच. फॅन लोकांचा राग हरण्याचा नाहीये, हरणं त्यांना कळतं. राग या हप्त्यांचा आहे.

आता पैसा बघा. हा क्लब 2012 पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे म्हणून हिशेब उघडा असतो. 2023-24 या वर्षात एकूण उत्पन्न 66 कोटी 18 लाख पौंड. त्यातले स्टेडियमवरच्या मॅचचे, तिकिटं वगैरे धरून, 13 कोटी 71 लाख. टीव्हीचे 22 कोटी 18 लाख. आणि स्पॉन्सर, जर्सी, दुकान हे सगळं मिळून 30 कोटी 29 लाख. म्हणजे जो माणूस मँचेस्टरात राहतो आणि दर आठवड्याला स्टेडियमात जाऊन बसतो त्याच्या हातात सगळ्यात छोटा खिसा आहे, आणि सगळ्यात मोठा खिसा स्पॉन्सरचा. आता स्पॉन्सर एवढे पैसे कोणासाठी मोजतो सांगा? तो तुमच्या गच्चीसाठी मोजतो. नागपूर, लागोस, जकार्ता इथं मॅच बघणारे एवढे डोळे आहेत हे दाखवूनच तो करार होतो. त्यामुळे "कोणाले कळणार" हे पूर्ण खरं नाही.

पण अर्धं खरं आहे. जर्सी बनवणाऱ्या आदिदाससोबतचा करार 2023 मध्ये दहा वर्षांनी वाढवला, तो 2035 पर्यंत चालणार आणि त्यात किमान 90 कोटी पौंडांची हमी आहे. तुम्ही सोळा जर्सी नाही घेतल्या तर या हमीतला एक पौंड कमी होत नाही. टीव्हीचंही तसंच, हक्क काही वर्षांसाठी एकदम विकले जातात, तुमचं सबस्क्रिप्शन बंद झालं तर तोटा आधी इथल्या कंपनीचा, क्लबपर्यंत तो पोचला तर पुढच्या लिलावात पोचणार. तेव्हा परिणाम होतो पण उशिरा होतो आणि खूप लोक असले तरच होतो, हे डोक्यात ठेवून सुरुवात करा म्हणजे सहा महिन्यात निराश होणार नाही.

आता तुम्हाला ब्लॅकपूलची गोष्ट सांगतो कारण या विषयात माझ्या मनाला ती सगळ्यात जास्त लागलेली आहे. इंग्लंडमधलं समुद्रकाठचं छोटं गाव, 2010 मध्ये त्यांचा क्लब प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, चढला, गावासाठी केवढी मोठी गोष्ट. एकच सीझन टिकले. पण त्या एका सीझनमध्ये जो पैसा आला त्यातले 1 कोटी 10 लाख पौंड मालक ओवेन ऑयस्टनच्या स्वतःच्या कंपनीकडे गेले, आणि 2014 च्या सीझनआधी टीमकडे जेमतेम आठ प्लेयर उरले होते. कोणी ऑनलाइन काही लिहिलं तर मालक कुटुंबानं त्याच फॅनवर बदनामीचे दावे लावले. मग लोकांनी ठरवलं, आता एक पेनीसुद्धा नाही. घोषवाक्यच ते होतं. आणि किती नीट विचार केला होता बघा, घरच्या मैदानावर पाय ठेवायचा नाही पण बाहेरगावच्या मॅचला मात्र बरेच जण जायचे, कारण तिथं तिकिटाचा पैसा समोरच्या क्लबला मिळतो. टीम सोडली नाही, फक्त मालकाचा गल्ला सोडला.

हे एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं. विचार करा, बापाचा हात धरून ज्या स्टँडमध्ये जायची सवय लागली तिथं चार वर्षं जायचं नाही, शनिवारी दुपारी घरात बसून राहायचं आणि मैदानावरचा आवाज रस्त्यावर ऐकायचा. काही म्हातारे लोक त्या वर्षांमध्येच गेले असतील, त्यांना परत जाता आलं नाही. बहिष्काराची किंमत बोलतो ना आपण, ती ही असते, मालक सोडा, आधी फॅनच भरतो.

शेवटी मालक गेला. पण हेही सांगायला पाहिजे की एकट्या बहिष्कारानं नाही गेला. क्लबमध्ये 20 टक्के वाटा असलेला वालेरी बेलोकॉन नावाचा लाटवियाचा माणूस कोर्टात गेला, 2017 मध्ये कोर्टानं मालकाला त्याचे 3 कोटी 12 लाखांहून जास्त पौंड द्यायला लावले, ते देणं जमलं नाही आणि फेब्रुवारी 2019 मध्ये कोर्टानं क्लबवर आपला रिसीव्हर, म्हणजे मालकाच्या जागी कारभार बघणारा माणूस, नेमला. 9 मार्च 2019 ला साउथेंडविरुद्धच्या मॅचला गाव परत आलं, 15 हजारांवर लोक, जिथं त्याआधी रिकाम्या खुर्च्याच दिसायच्या. खेळाच्या दृष्टीनं साधी तिसऱ्या दर्जाच्या लीगमधली मॅच. पण त्या दिवशीचे फोटो बघा, मोठी मोठी माणसं रडत होती. बहिष्कारानं काय केलं, तर मालकाला पैशांनी कोरडं केलं आणि सगळ्यांना दाखवून दिलं की या माणसाकडे फक्त कागद आहेत. बाकी काम कोर्टानं केलं.

आणि उलटंही होते राजेहो. अमेरिकेत ऑकलंडची बेसबॉल टीम, ए'ज. मालक जॉन फिशरनं चांगले प्लेयर विकून टाकले, लोक यायचे बंद झाले, आणि मालकानं त्या रिकाम्या स्टेडियमकडे बोट दाखवून म्हटलं बघा, इथं फॅनच नाहीत, मी चाललो लास वेगासला. म्हणजे घरी बसणं त्याच्याच कामी आलं. मग फॅन लोकांनी 13 जून 2023 ला उलटा बहिष्कार केला, ठरवून स्टेडियम भरायचं, 27,759 लोक आले, हिरवे टीशर्ट घातलेले, त्यावर एकच शब्द, सेल. विकून टाक. दोनच दिवसांनी, 15 जूनला, लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाच्या गव्हर्नरनं नव्या स्टेडियमसाठी 38 कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा द्यायच्या कायद्यावर सही केली. 2024 चा सीझन संपला आणि टीम ऑकलंड सोडून गेली. ज्या मालकाला दुसरं गाव पैसे द्यायला तयार बसलंय त्याचं तुम्ही तिकीट न घेऊन काही वाकडं होत नाही, कितीही वाईट वाटलं तरी हे खरं आहे.

तर तुमच्या गच्चीनं काय करावं. मॅच बघणं सोडू नका, टीम त्यांची नाही तुमची आहे. जर्सी बंद करा, पण गुपचूप नको. गुपचूप बंद केलेला पैसा कोणाला दिसत नाही. सोळा जण मिळून एक पत्र लिहा, आणि ते मालकाला नाही तर स्पॉन्सरला लिहा, की आम्ही इतके जण, इतक्या वर्षांपासूनचे फॅन, ह्या कारणासाठी तुमची वस्तू घेत नाही. आणि 2010 मध्ये मँचेस्टरच्या लोकांनी जे केलं ते मला फार आवडतं, त्यांनी लाल रंग बाजूला ठेवून हिरव्या-सोनेरी रंगाचे स्कार्फ घातले, कारण 1878 मध्ये रेल्वे कामगारांनी हा क्लब काढला तेव्हा तो न्यूटन हीथ होता आणि त्याचे ते रंग. ते स्कार्फ क्लबच्या दुकानात नव्हते, मालकाला त्यातून काही मिळत नव्हतं. क्लबचा जुना स्टार बेकहॅम इटलीच्या मिलानकडून तिथं खेळायला आला तेव्हा मॅच संपल्यावर त्यानंही तो गळ्यात घातला होता. गांधीबागेतून हिरवं आणि पिवळं कापड आणा, गल्लीतल्या टेलरकडून सोळा स्कार्फ शिवून घ्या.

एक गोष्ट मात्र तुमच्यापासून लपवणार नाही. एवढं सगळं करून, 2005 मध्ये काही फॅननी क्लब सोडून स्वतःचा एफसी युनायटेड क्लब काढून, 2021 मध्ये मैदानात घुसून लिव्हरपूलची मॅच पुढे ढकलायला लावून, 2024 मध्ये जिम रॅटक्लिफ नावाचा ब्रिटिश उद्योगपती क्लबचा 27.7 टक्के वाटा घेऊन आत आला, पण ग्लेझर गेले नाहीत. लांबचा रस्ता आहे.

प्रश्न: माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, त्याला वाढदिवसाला मुंबई इंडियन्सची जर्सी पाहिजे. माझ्या भावानं डिसेंबर 2023 मध्ये रोहितला कॅप्टनपदावरून काढलं तेव्हा अंगणात जर्सी जाळली होती, तो म्हणतो या घरात त्या मालकाची वस्तू येणार नाही. मी म्हटलं बर्डीवरून साडेतीनशेची आणते, ती तर कंपनीची नसतेच, मग बहिष्कार कुठं मोडला? तुम्ही सांगा.
– एक आई, मनीषनगर

उत्तर: ताई, तुमच्या भावाचा राग मला कळतो पण जळलेल्या जर्सीचे पैसे मालकाला कधीच मिळून गेले होते. आयपीएलचे 2023 ते 2027 चे प्रसारणाचे हक्क 48,390 कोटींना गेलेत, त्यातला मोठा वाटा सगळ्या टीम्सना मिळतो, टीम पहिली येवो की शेवटची. 2024 मध्ये मुंबई खरंच शेवटची आली. इथं एका घरातली जर्सी म्हणजे समुद्रातलं तांब्याभर पाणी. आणि त्या सीझनमध्ये झालं काय, अहमदाबादला, वानखेडेवर लोकांनी हुर्यो केली ती रोहितच्या जागी कॅप्टन केलेल्या हार्दिकची, म्हणजे निर्णय घेणाऱ्यांना काही नाही आणि मार खेळणाऱ्या पोराला. त्याच हार्दिकनं जूनमध्ये वर्ल्ड कपच्या फायनलची शेवटची ओव्हर टाकली. मला ती हुर्यो तेव्हाही आवडली नव्हती, आजही नाही आवडत.

बर्डीच्या जर्सीचं म्हणाल तर हो, तो पैसा मालकाकडे जात नाही, पण दुसऱ्याचा लोगो छापून विकलेला माल आहे तो, त्याला बहिष्कार म्हणू नका. पोराला जर्सी घ्या, खरी घ्या, जमत नसेल तर साधा निळा टीशर्ट घेऊन पाठीवर त्याचं स्वतःचं नाव आणि त्याला पाहिजे तो नंबर छापून द्या. भावाची शपथ भावाची, अकरा वर्षांच्या मुलावर ती लादायची नसते, हे त्यांना माझ्याकडून सांगा.

प्रश्न: आमच्या वस्तीतली पोरांची फुटबॉल टीम एक माणूस चालवतो. आम्ही पालक दर महिन्याला फी देतो, दुकानदारांकडून तो स्पॉन्सरशिप घेतो, पण पोरांना बूट नाहीत, बाहेरगावच्या मॅचला भाडं परत आमच्याकडूनच, हिशेब विचारला तर म्हणतो पटत नसेल तर पोरगा घेऊन जा. आम्ही बावीस पालक फी बंद करायची म्हणून राहिलो. पोरांचं खेळणं तर बंद नाही होणार ना?
– एक पालक, उत्तर नागपूर

उत्तर: भाऊ, तिन्ही पत्रांत खरी ताकद कोणाच्या हातात असेल तर ती तुमच्या. ग्लेझरला तुमचं नाव माहीत नाही, या माणसाला बावीसही घरं माहीत आहेत आणि महिन्याच्या महिन्याला तो तुमच्याच पैशावर उभा आहे.

पण नुसती फी बंद करू नका, मागणी काय ते आधी ठरवा. फेब्रुवारी 2016 मध्ये इंग्लंडच्याच लिव्हरपूल क्लबच्या मालकांनी सगळ्यात महाग तिकीट 77 पौंड करायचं ठरवलं तर साधारण दहा हजार लोक बरोबर 77 व्या मिनिटाला उठून निघून गेले, टीम 2-0 नं पुढे असताना. मॅच 2-2 झाली. काही दिवसांत मालकांनी माफी मागून निर्णय मागे घेतला. एवढ्या लवकर का? कारण मागणी एकच होती, आकड्यात होती, आणि पैसे कापले जायच्या आधी केली होती. तुम्हीही तसंच करा. "हिशेब दाखवा" एवढं मोघम नको, मागच्या बारा महिन्यांची जमा आणि खर्च कागदावर, अमुक तारखेपर्यंत, बावीस सह्यांचं पत्र, पोच घेऊन.

त्या तारखेपर्यंत फी थांबवा पण स्वतःकडे ठेवू नका. दोन-तीन पालकांच्या नावानं जॉइंट खातं उघडून त्यात टाका. म्हणजे कोणी म्हणू शकणार नाही की यांना फी चुकवायची होती, आणि दुसरं म्हणजे पोरांचं भाडं, बूट, पाणी त्यातूनच चालू ठेवता येईल. दुकानदारांनाही भेटा, त्यांनी दिलेला पैसा कशावर गेला हे त्यांनाही माहीत नसतं.

आणि तो खरंच म्हणाला पोरगा घेऊन जा, तर घेऊन जा, बावीसच्या बावीस, एकाच दिवशी. लंडनमधल्या विम्बल्डनचा फुटबॉल क्लब मालकांनी शंभर किलोमीटरच्या आसपास लांब मिल्टन कीन्सला न्यायचं ठरवलं तेव्हा 2002 मध्ये फॅननी पार्कमध्ये ट्रायल घेऊन स्वतःचा एएफसी विम्बल्डन उभा केला, एकदम खालच्या लीगपासून, आणि आज तो क्लब व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. आपल्याकडे संस्था रजिस्टर करायला सात माणसं पुरतात, 1860 चा सोसायटी कायदा आहे, महाराष्ट्रात सोबत धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. तुम्ही बावीस आहात. मैदानाची परवानगी आधी बघा, कारण मैदान त्याच्या नावावर बुक असलं तर पहिला अडथळा तिथंच येणार आहे, आणि कोचला आधीच विश्वासात घ्या, त्याचे पगाराचे पैसेही अडकले असतील तर तो तुमच्याच बाजूनं निघेल. पहिल्या मीटिंगला पोट्ट्यांनाही बसवा. बूट कोणाचे फाटलेत, बाहेरगावी कोण उपाशी खेळलं, हे त्यांनाच नीट माहीत असतं.