वाचकांचे प्रश्न: भार डेनिमने उचलावा

या महिन्यात जुनी जीन्स आणि छापील सुती कापड एकत्र शिवण्याबद्दल इतकी पत्रं आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी राखून ठेवले. पत्रं वाचताना जाणवलं की तक्रारी वेगवेगळ्या असल्या तरी मूळ बहुतेक वेळा एकच आहे. ही दोन कापडं शेजारी शेजारी सुंदर दिसतात, पण त्यांची ताकद सारखी नाही. जिथे ओढ बसते, वजन लोंबतं, घासलं जातं, तिथे डेनिम हवं. छापील कापडाला मिरवायला मोकळी जागा द्यावी. एवढं आधी ठरवलं की पुढचं कापणं-शिवणं सोपं होतं.

ताई, छापील कापडाची पिशवी शिवली. आतून चिकटणारा बक्रम लावला, दोराही मजबूत घेतला. तरी सामान भरल्यावर बंद जिथे शिवले होते तिथलं कापडच फाटलं. शिवण मात्र शाबूत आहे. असं का?

शिवण शाबूत आणि कापड फाटलेलं, यातच उत्तर आहे. टाके मजबूत होते, ज्या कापडाला त्यांनी धरलं होतं ते नाजूक होतं. बक्रम कापडाला उभं धरतो, त्याचा कडकपणा वाढवतो, पण ओझं पेलायला त्याचा फारसा उपयोग नाही. पिशवीचं सगळं वजन बंदांच्या चार टोकांवर येतं आणि पातळ सुती कापडाला ते झेपत नाही.

ही अडचण जुनी आहे. मजुरांच्या पँटचे खिसे कोपऱ्यात फाटायचे, म्हणून अमेरिकेत रीनो गावच्या जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने त्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट, म्हणजे धातूची गोल बटणं, ठोकायला सुरुवात केली. 20 मे 1873 रोजी त्याला आणि कापडाचे व्यापारी लीव्हाय स्ट्रॉस यांना मिळून त्याचं पेटंट मिळालं. म्हणजे जाड कापडाच्या पँटीतही ओढ एका बिंदूवर आली की कापड हरतं. मग ओढ पसरवायची कशी, एवढाच प्रश्न उरतो.

माझा आवडता उपाय असा. बंद पिशवीच्या वरच्या काठाशी संपवूच नका. डेनिमची लांब पट्टी घ्या. ती एका बाजूने तळापर्यंत न्या, तळाखालून दुसऱ्या बाजूला वर आणा, आणि छापील कापडावर दोन्ही कडांनी टीप मारा. आता वजन पट्टी उचलते, छापील कापड नुसतं भिंतीसारखं उभं राहतं. इतकी लांब पट्टी निघत नसेल तर पिशवीच्या वरच्या काठाला तीन इंचांची डेनिमची पट्टी जोडा आणि बंद त्या पट्टीवर शिवा. टोकाला बंदाच्या रुंदीएवढा चौकोन आणि त्यात फुलीची टीप हवीच.

बंद कापताना जीन्सच्या पायाच्या लांबीतूनच कापा. डेनिमचे उभे धागे त्या दिशेने असतात आणि ते आडव्या धाग्यांपेक्षा कमी ताणतात. जाड डेनिमची चार इंचांची पट्टी चार पदरी दुमडली की मशीन कुरकुरतं. त्याऐवजी दोन इंच रुंद कापा, दोन्हीकडून अर्धा इंच आत दुमडा आणि मागच्या कच्च्या कडा छापील कापडाच्या पट्टीने झाका. हातात धरताना प्रिंट दिसतं, तेही बरं वाटतं. आणि जीन्सचा कमरपट्टा फेकू नका, तो तयार बंद आहे.

जुन्या जीन्सचा स्कर्ट करायचा आहे. आतली शिवण उसवून मधे छापील कापडाची तिकोनी कळी लावली, पण पुढे चेनच्या खाली कापड टोकासारखं वर येतं. इस्त्री करूनही बसत नाही.

ते इस्त्रीने बसणार नाही, कारण तिथे कापड मुळातच वळणदार कापलेलं आहे. दोन पायांच्या मधली शिवण पुढून मागे गोल फिरते. पाय वेगळे असताना ती गोलाई लागते, स्कर्टमध्ये ती जास्तीची होते.

कळी काढून घ्या आणि थोडं आणखी उसवा. पुढची शिवण चेनच्या शेवटाच्या खाली साधारण दीड इंच राहीपर्यंत, आणि मागची शिवण वळण संपून सरळ रेष लागेपर्यंत. मागे ते बरंच वर जावं लागतं, संकोच करू नका. मग जीन्स टेबलावर सपाट पसरा आणि एक बाजू दुसरीवर चढवत न्या, जोवर फुगवटा नाहीसा होत नाही. कडा एकमेकींवर किती चढल्या हे मोजू नका, कापड सपाट झालं का तेवढंच बघा. टाचण्या लावा, जुन्या दुमडीवरूनच टीप मारा, आतलं जास्तीचं कापून टाका. जुन्या टिपेच्या भोकांचा माग दिसत असतो, तिथूनच नवी टीप गेली की काम मूळचंच वाटतं.

जुन्या जीन्सचा पाय पिळलेला असू शकतो, म्हणजे बाहेरची शिवण पुढे सरकलेली. डेनिमची वीण तिरपी असते, धुण्याने ती एका बाजूला ओढ घेते. पाय ओढून सरळ करायचा प्रयत्न करू नका. तो जसा पडतो तसाच पडू द्या आणि कळीची जागा त्यावर आखा.

आता कळी. तिचा मधला भाग उभ्या धाग्यावर येईल अशी कापा, म्हणजे दोन्ही कडा तिरक्या पडतात आणि खाली छान घेर येतो. पण तिरकी कड ताणते. म्हणून कापल्या कापल्या कडेपासून पाव इंचावर एक साधी टीप घालून ठेवा. कळी डेनिमच्या मागे ठेवून डेनिमची दुमडलेली कड वरून शिवा. टोकाशी उलट-सुलट जोड देण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. टोकाच्या मागे डेनिमचा लहानसा चौकोनही ठेवा, चालताना ओढ तिथेच बसते. खालची कड लगेच दुमडू नका. स्कर्ट एक दिवस टांगून ठेवा. कळी आपल्या वजनाने खाली येते, मग जमिनीपासून मोजून कड सारखी करा.

एवढी खटपट नको असेल तर पुढचा चुण्यांच्या स्कर्टचा प्रश्न वाचा, तिथे याहून सोपा स्कर्ट आहे.

जाड शिवणीवर मशीन टाके सोडतं आणि सुया मोडतात. घरच्या मशीनवर डेनिम शिवूच नये का?

जरूर शिवावं. मशीन चढावर अडखळतं. कापड दाबून धरणारा प्रेसर फूट जाड शिवणीवर चढायला लागला की त्याचं पुढचं टोक वर उचललं जातं. मग कापड घट्ट दाबलं जात नाही, सुई वर येताना कापडालाही सोबत उचलते, आणि खालच्या हुकाला दोऱ्याचा फास मिळत नाही. टाका सुटतो तो तिथे. तुम्ही मागून कापड ओढायला लागलात की सुई वाकते आणि मोडते.

म्हणून त्या चढाजवळ थांबा, सुई कापडात रुतवून ठेवा, फूट उचला आणि मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची कापडाची घडी सरकवा. फूट सपाट झाला की पुढचे टाके हाताने चाक फिरवून घ्या. शिवण आधी फळीवर ठेवून वर कापड घालून हातोडीने ठोकली तर ती बरीच चेपते. आतली माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जास्तीचं कापड, पायऱ्यापायऱ्यांनी कमी-जास्त कापा, म्हणजे सगळे पदर एका ठिकाणी साचत नाहीत. सुई जीन्सची, 16 नंबरची घ्या, फार जाड असेल तर 18. टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर. जाड शोभेचा दोरा फक्त वर घाला, बॉबिनमध्ये नेहमीचाच. सुई टक् टक् आवाज करायला लागली की ती बदला, कितीही नवी वाटली तरी.

आणि रिव्हेट जवळ आलं तर वळसा घाला.

ताणणारी जीन्स चालेल का?

स्कर्टला आणि पिशवीच्या खिशांना चालेल, ताणणाऱ्या कापडाची सुई लावून. पिशवीच्या बंदांना नको.

छापील कापडाचा चुण्यांचा स्कर्ट शिवायचा आहे, पण वरचा भाग जीन्सचा हवा. कापड किती घेऊ?

हाच तो सोपा स्कर्ट. जी जीन्स कमरेला व्यवस्थित बसते तीच घ्या आणि आडवी कापा. चेनच्या शेवटाखाली, पण दोन पाय जिथे जुळतात त्याच्या वर. म्हणजे ती वळणाची भानगड उरतच नाही, शिवाय चेन, बटण, खिसे सगळं आयतं मिळतं. खिशांच्या पिशव्या कापू नका, वर दुमडून टाचण्या लावून ठेवा.

समजा कापलेल्या कडेचा घेर 36 इंच आहे. छान चुण्यांसाठी दुप्पट, म्हणजे 72 इंच कापड लागतं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 44 इंच असेल तर दोन पन्हे जोडून 88 इंच होतात, ते पुरून उरतात. आता लांबी. पूर्ण स्कर्ट 26 इंच हवा आणि जीन्सचा भाग 7 इंच असेल तर खाली 19 इंच उरले. वर अर्धा इंच माया, खाली दोन इंच दुमड, म्हणजे साडेएकवीस. दोन पन्ह्यांचे 43 इंच. सव्वा मीटर घ्या, कारण नवं सुती कापड आटतं. शंभर सेंटिमीटरमागे तीन ते पाच सेंटिमीटर सहज जातात. जुनी जीन्स आटून झालेली असते आणि नवं प्रिंट आटायचं असतं. न धुता शिवलं तर पहिल्या धुण्यातच जोडाशी सुरकुत्या पडतात आणि त्या पुन्हा जात नाहीत. म्हणून कापण्याआधी धुवा, याला माझ्याकडे अपवाद नाही.

चुण्यांसाठी लांब टाक्याच्या दोन समांतर टिपा घाला आणि दोन्ही दोरे एकदम ओढा. एकाच टिपेवर चुण्या कधी सारख्या बसत नाहीत. जोडल्यावर माया वर डेनिमकडे दाबा आणि डेनिमवरून एक टीप मारा.

पांढऱ्या जमिनीच्या प्रिंटवर डेनिमचा निळा रंग उतरला. मीठ किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवलं तर रंग पक्का होतो ना?

नाही. डेनिमचा निळा रंग इंडिगोचा असतो. तो पाण्यात विरघळत नाही, पण सुताच्या गाभ्यापर्यंतही पोचत नाही, वरवर बसतो. म्हणूनच जीन्स घासून घासून पांढरी होते. ज्या गुणासाठी आपल्याला ती आवडते, त्याच गुणामुळे ती शेजारच्या कापडाला डाग लावते. मिठाने हे थांबत नाही. नवं डेनिम असेल तर उलटं करून थंड पाण्यात दोन-तीनदा वेगळं धुवा. मग पांढरा ओला फडका त्यावर जोरात घासून बघा. फडका निळा होत असेल तर अजून धुवा, किंवा गडद जमिनीचं प्रिंट निवडा. बऱ्याचदा धुतलेल्या जीन्सला हा त्रास क्वचितच होतो. पांढऱ्या प्रिंटचा हट्ट असेल तर जुनंच डेनिम वापरा.

पिशवी झाली, पण एका बाजूचे पक्षी सरळ आणि दुसऱ्या बाजूचे उलटे!

तुम्ही कापड तळाशी दुमडून एकाच लांब तुकड्यातून पिशवी कापली. ठिपके, वेली, सगळीकडे वळणारी फुलं असतील तर चालतं. पक्षी, झाडं, घरं असतील तर पुढचा आणि मागचा भाग वेगळे कापा, दोन्हींचा वरचा काठ एकाच दिशेला ठेवून, आणि मधे तळाला डेनिमची पट्टी जोडा. नाहीतरी तळ सगळ्यात जास्त घासला जातो. पट्टी सात इंच रुंद कापा. जोडांमध्ये अर्धा-अर्धा इंच जाऊन सहा इंच उरतात. त्यातले तीन तळाला लागतात, दीड-दीड दोन्ही बाजूंवर चढतात. कोपरे दुमडून तळ पसरट करायचा असेल तर त्याचीही सोय त्यातच होते.